माझ्या वाटचं बाजूला बसलीस

आये, परवा नात शहाणी झाली. अकरावं अजून सरलेलं नाही. सकाळी शाळेच्या घाईत होती, मोरीतनं बाहेर आली आणि तिच्या आईच्या कानाला लागली. सून म्हणाली, बरं, त्यात काय, ये इकडं. एवढंच. कुणाचा हात थरथरला नाही, कुणी दार लोटलं नाही. संध्याकाळी पोरगी दोन भाकरी, वांग्याचं भरीत, वर शेंगाची चटणी आणि दही असं चापून खाऊन पाय पसरून बसली आणि मलाच विचारते, आजी, उद्या खो-खोला गेले तर चालेल का? मी म्हटलं, जा की, घरात बसून काय अंडी उबवणार हायस? सून हसली. तिला वाटलं म्हातारी सुधारली. मी काही सुधारलेली नाही. त्या चटणीकडं बघून तू आठवलीस, आणि मग आठवतच राहिलीस, म्हणून लिहायला बसले. चार बुकं शिकलेय. काना-मात्रा चुकला तर तू चूक काढणार नाहीस, तुला अक्षर येत नव्हतं.

आपण नातेपुत्याच्या बाजूनं सोलापुरात आलो तेव्हा मी कडेवर होते. मला गाव आठवत नाही, चाळच आठवते. गिरणीच्या मागं एक खोली, पुढं ओटा, सगळ्या चाळीला मिळून एक नळ. आबा मागावर, तू रिळाच्या खात्यात. भोंगा झाल्यावर तू दारात उभी राहायचीस तेव्हा केसांत, भुवयांत, पापण्यांवरसुद्धा कापसाची तूस असायची. सकाळी गेलेली बाई पार पिकून परत यायची. तोंड धुतलंस की पुन्हा माझी आये. मग चूल, ज्वारीचं पीठ, आणि मला हुकूम: शेंगा कूट. उखळ ओट्यावर. मी कुटतेय, दाण्याला तेल सुटतंय, लसणाच्या वासानं पोटात खड्डा पडतोय, आणि तू चुलीपुढनं मान वळवून माझ्या तोंडाकडं बघतेयस. हात मुसळावर आहेत ना, तोंड बंद आहे ना. चटणी आबाच्या ताटात, थोरल्या भावाच्या ताटात, वर तेलाची धार. माझ्या भाकरीवर मीठ आणि ताक, फार तर अंबाडीची भाजी. कुटून झालं की तुझं ते ठरलेलं, "आ कर." मी आ करायची, तू वास घ्यायचीस. सोलापुरात राहून शेंगाची चटणी न खाता वाढलेली पोर दुसरी कुठं असेल तर मला दाखव.

शेंगाच एकट्या नव्हत्या. तीळ नाही, गूळ नाही, खोबरं नाही, अंड्याचं तर नाव नाही. संक्रांतीला चाळभर तिळगूळ आणि माझ्या हातावर साखरेची चिमूट. सगळं उष्ण. उष्ण खाल्लं की पोरगी लवकर शहाणी होते, हे चाळीतल्या शेळ्यांनासुद्धा पाठ होतं. आणि मी शहाणी झाले की काय होणार, तेही सगळ्यांना ठाऊक होतं. आत्यानं मला पाळण्यातच मागून ठेवलं होतं. तिचा मुलगा चांगला बाप्या झालेला, मेंढरं, कोरडवाहू रान, दावणीला म्हैस. आबानं शब्द दिला होता, पोरीला न्हाण आलं की त्याच महिन्यात धाडून देतो. दुष्काळात आत्यानं आपल्याला दाणे घातले होते. तो शब्द आबा देवासारखा जपायचा. चौदाच्या आत लगीन करायचं नाही असा सरकारचा कायदा निघाला होता, पण लोक संस्थानाच्या हद्दीत जाऊन उरकून यायचे आणि वर हसायचे. म्हणजे मला थांबवणारं एकच राहिलं होतं, माझं अंग. ते जेवढं उशिरा पिकेल तेवढं तुला हवं होतं. का हवं होतं हे मला कळत नव्हतं. मला वाटायचं, हिला पाणी भरायला आणि शेंगा कुटायला कुणीतरी पाहिजे, म्हणून सोडवत नाही. आत्याकडं दूधदुभतं आहे असं जो तो म्हणायचा. मी भुकेच्या पोटी मनातल्या मनात ते लगीन लावून मोकळी व्हायची.

शाळेत घातलंस तेही शिकायला नव्हे. तू दिवसभर गिरणीत, पोर चाळीत एकटी नको, त्यापेक्षा मुलींच्या शाळेत बसलेली बरी. तिथं त्या नव्या बाई आल्या. उंच, काटकुळ्या, पांढरं पातळ, पायांत चपला, आणि आवाज असा की रस्त्यावरचा टांगा थांबावा. त्यांचा भाऊ गिरणीत विणकर मास्तर होता. मालकानं त्याला नवे माग बघायला जपानला धाडलं होतं, तिथनं तो चित्रांची मासिकं घेऊन आला. त्यातलं एक चित्र बाईंनी खळ लावून वर्गाच्या भिंतीवर चिकटवलं. शाळेचं मोठं पटांगण, आणि ओळीनं पोरी, शंभर तरी असतील, सगळ्यांचे हात वर, सगळ्यांचे केस कानापाशी कापलेले. आम्हाला आधी वाटलं कसला तरी मोठा सुतकाचा प्रकार आहे. बाई म्हणाल्या, ह्या तुमच्याएवढ्या मुली आहेत, आणि ही त्यांची रोजची कवायत. तिथं पोरं लांबून लांबून चालत शाळेला येतात म्हणे, डब्यात भात, मासळी, एका तऱ्हेच्या वालासारख्या दाण्याचं कालवण. वर्षातनं एकदा डॉक्टर येऊन प्रत्येकाची उंची, वजन, दात बघतो. गरिबाच्या पोराला काही ठिकाणी शाळाच जेवायला घालते. आणि शाळा झाडायची, पुसायची, ती पोरांनीच. तेव्हा मागनं एक पोरगी म्हणाली, मग बाई, आमी जपानीच की, सगळं झाडून-पुसूनच आलोया. वर्ग खदखदला. बाईही हसल्या, पण लगेच म्हणाल्या, झाडून आलात, खाऊन आलात का ते सांगा. त्यावर कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवसापासनं आमचीही कवायत सुरू झाली. परकर खोचून, अनवाणी, शाळेमागच्या मुरमाच्या जागेत. बाईंनी भावाकडनं कापड मोजायचा गज आणला आणि आम्हाला एकेकीला भिंतीशी उभं करून कोळशानं खूण केली. हे मी घरी सांगितलं तेव्हा तू भाकरी थापता थापता थांबलीस. गजानं कापड मोजत्यात, म्हणालीस, माणूस मोजत्यात ते मेल्यावर. त्या बाईला सांग, माजी पोर अजून जित्ती हाय. मी काही सांगितलं नाही. मला ती खूण आवडली होती. सगळ्या वर्गात माझी सगळ्यात खाली होती, तरी ती माझी होती.

पळायला मला आवडायचं. त्याआधी मी कधी पळालेच नव्हते, पळायचं कारणच काय, नळापर्यंत कुणी पळत जातं का? कवायतीच्या शेवटी बाई शिट्टी वाजवायच्या आणि आम्ही कुंपणाला हात लावून परत यायचो. एकदा मी कुंपणापर्यंत गेले आणि परत आलेच नाही. डोळ्यांपुढं काळं झालं, आणि डोळे उघडले तेव्हा मुरमात पडलेली, आणि बाई माझी पापणी खाली ओढून बघत होत्या. पांढरीफटक आहे, म्हणाल्या. काय खाऊन आलीस? मी सांगितलं. काल काय खाल्लंस? तेच सांगितलं. गूळ नाही, शेंगा नाहीत, तीळ नाहीत, कारण उष्ण असतं, शहाणी झाले की मला जायचंय. मी हे सगळं शाळेत पाढे म्हणतात तसं म्हटलं. बाईंनी मला उठवून बसवलं. त्या दिवसापासनं कवायत झाली की प्रत्येकीच्या हातावर भिजवलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा, माझ्या हातावर इतरांपेक्षा जास्त. मी पहिल्या दिवशी ते खाल्ले आणि रडले. भीतीनं. मला वाटलं घरी पोचेपर्यंतच मला पदर येणार. नाही आला. मग मी रोज खाऊ लागले आणि शाळेतनं निघताना चूळ भरू लागले.

गुळाचा वास चुळीनं जातो, शेंगांचा जात नाही. एका संध्याकाळी तू आ कर म्हणालीस, तुला शेंगांचा वास आला, आणि आपल्या घरात त्या दिवशी शेंगा नव्हत्याच. तू मारलं नाहीस. मारलं असतंस तर बरं वाटलं असतं. नुसतं विचारलंस, कुणी दिल्या? दुसऱ्या दिवशी अर्धी पाळी टाकून तू शाळेत आलीस. केसांत तूस तशीच. आम्ही ओळीत उभ्या, बाईंनी नुकतंच 'हात वर' म्हटलेलं, आणि तू फाटकातनं सरळ त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिलीस. बाई 'हात खाली' म्हणायचं विसरल्या ते विसरल्याच. तुमचं भांडण संपेपर्यंत आम्ही सगळ्या पोरी हात वर करून उभ्या.

"बाई, माज्या पोरीला तुमी शेंगा चारता?"

बाई म्हणाल्या सगळ्यांनाच देते, हिला जरा जास्त. चक्कर येऊन पडली होती, घरी कळलं का? तू म्हणालीस, पडती तर कवायत बंद करा की, शेंगा कशाला? मग बाई तुला वर्गात घेऊन गेल्या, माझी जागा खिडकीलगतच, सगळं दिसत आणि ऐकू येत होतं, आणि त्यांनी ते भिंतीवरचं चित्र दाखवलं. बघा, तुमच्या मुलीएवढ्याच आहेत, मांड्या बघा, दंड बघा, ह्या पोटभर खातात आणि रोज पळतात. तू ते चित्र नीट बघितलंस. जवळ जाऊन बघितलंस. आणि म्हणालीस, ह्यांच्या देशाच्या कापडानं आमच्या घरधन्याचा माग बंद पाडला, आठवड्यातनं दोन रोज घरी बसवलं, आन आता ह्यांच्या पोरींवानी माज्या पोरीनं हात वर करायचं व्हय? मागं चाळीतल्या शिंपिणीची पोर हसली, तिला हात वर ठेवूनच मी कोपरानं ढोसलं. बाई म्हणाल्या, ह्याच मुली मोठ्या होऊन ते माग चालवतात. त्यांना लहानपणी उपाशी ठेवलं असतं तर तुमच्या यजमानांचा माग चालू असता.

यावर तू गप्प बसशील असं त्यांना वाटलं असावं. तू आवाज खाली आणलास. तू आवाज खाली आणलास की मला भीती वाटायची.

"पोटभर खाल्लं की पोरगी वाढती. वाढली की शहाणी हुती. शहाणी झाली की जाती. माजी धाकटी भन अशीच गेली, तेराव्याला. चौदाव्याला अडली. तीन दीस वराडत हुती, मी तिचं डोस्कं मांडीवर घिऊन बसलेली. पोर बी न्हाय, ती बी न्हाय. तुमी हिला वाढवा बाई, मी तिला थांबवती. हिची हाडं घट हुईस्तोवर मला हिला थांबवायची हाय."

माझे हात वरच होते. मावशी होती हे मला ठाऊक होतं, कशी गेली ते नव्हतं. तू कधी सांगितलंच नव्हतंस. मला वाटत होतं मोलकरीण हवी म्हणून तू मला धरून ठेवलंयस, आणि तू माझं डोकं आपल्या मांडीवर यायला नको म्हणून धरून ठेवलं होतंस. बाईंनी टेबलाचा कोपरा धरला. मग म्हणाल्या, पण उपाशी पोरीची हाडं घट्ट होत नाहीत हो. ती तशीच राहतात. आणि मग, हळू: शहाणी झाली हे गावाला सांगतं कोण? तुम्हीच ना? नाही सांगितलं तर?

तू म्हणालीस, "घरात देव हायत, बाई."

आणि निघालीस. फाटकापाशी आल्यावर तुला आम्ही दिसलो, हात वर केलेल्या, आणि तूच ओरडलीस, अगं खाली करा की गं हात, मेल्यांनो. सगळ्यांनी खाली केले.

शिकलेली बाई किती सोपं बोलून गेली. तिला आपली खोली ठाऊक नव्हती. एका खोलीत चूल, अंथरूण आणि देव. बिरोबाचा टाक, जेजुरीचा टाक, भंडाऱ्याच्या हळदीची डबी. विटाळाची बाई दाराजवळच्या कोपऱ्यात पोत्यावर बसणार, तिनं चुलीला, पाण्याला, देवाला शिवायचं नाही. गिरणीला तेवढा विटाळ नव्हता, तिथं चारही दिवस रीळ चालवायचं. पोर न्हाती होऊन घरभर फिरली, तिच्या हातची भाकरी आबानं खाल्ली, तिनं देवापुढं दिवा लावला, म्हणजे घराला काय लागणार याचा विचार तू करत होतीस. तसे आठ-दहा दिवस गेले. मग एका सकाळी माझ्या भाकरीवर चटणी होती. चिमूटभर, तेलाशिवाय. मी तुझ्याकडं बघितलं तर तू म्हणालीस, "बगती काय, गीळ."

मी गिळली. आणि पुढच्या उन्हाळ्यात मला पदर आला. तोवर कोळशाची खूण चांगली वर गेली होती. तू मला मोरीत घेऊन गेलीस, सगळं समजावलंस, आणि बाहेर येऊन स्वतः कोपऱ्यात पोत्यावर जाऊन बसलीस. मला काही कळेना. तू म्हणालीस, फडकी धुतल्याली सगळ्या चाळीला दिसत्यात, कुणाची तरी हायत म्हणावं लागंल की. तेव्हापासनं माझे दिवस आले की तू बाजूला बसायचीस, आणि तुझे आले की पुन्हा बसायचीस. महिन्यातनं दोनदा. शेजारीण म्हणाली, तुज्यावानी आळशी बाई बगितली न्हाय बाई, दोन दोन येळा सुट्टी घेती. मग तू सांगितलंस, अंगावर जातंय. त्यावर ती बाई रोज कसल्या तरी पाल्याचा काढा घेऊन यायची आणि तू प्यालीस याची खात्री करून जायची. नसलेल्या दुखण्याचं ते कडूजहर औषध तू वर्षभर पीत होतीस, आणि तोंड वाकडं करून म्हणायचीस, गुण हाय गं तुज्या हाताला.

पण अवघड ते नव्हतं. अवघड दिवेलागण होती. तू बाजूला बसलेली, आबा ओट्यावरनं हाक मारणार, पोरी, दिवा लाव. आणि मी उठायची. खरी विटाळशी मी. देवाला शिवायची बंदी तुला नव्हे, मला होती. मी वात ओढते, काडी लावते, टाकावर भंडारा वाहते, आणि कोपऱ्यात तू डोळे मिटून बसली आहेस, ओठ हलतायत. काय म्हणायचीस ते मी कधी विचारलं नाही. मला विचारशील तर मला त्यात काही पाप वाटलं नाही. माझ्या पोटात भाकरी होती, दुसऱ्या दिवशी कुंपणापर्यंत पळायचं होतं. पाप तू एकटीच करत होतीस.

सुगी झाल्यावर आत्या आली. ज्वारीचं पोतं घेऊन आली, आणि पिशवीत हिरवं लुगडं. ती काही वाईट बाई नव्हती, मोठ्यानं बोलणारी, मोठ्यानं हसणारी, मला जवळ ओढून माझ्या पाठीवरनं हात फिरवला. तो हात पाठीवरनं पुढं आला आणि थांबला. मग तिनं मला खालपासनं वर बघितलं. "वयनी, खरं सांग. पोर शहाणी झालीया." तू म्हणालीस, न्हाय वन्सं. आत्या म्हणाली, चाळीत कुणी बोलत न्हाय, पर मला डोळं हायत. तू पुन्हा न्हाय म्हणालीस. आबा म्हणाला, आक्का, ती कशाला खोटं बोलंल. आत्या त्याच्याकडं न बघता म्हणाली:

"मग भंडारा उचल."

तू उठलीस, पदर डोक्यावर घेतलास, देवापुढची डबी उघडलीस आणि भंडारा मुठीत घेतलास. थोडा बोटांतनं खाली सांडला. तुझा आवाज मला नेहमीचाच वाटला, भाजी निवडताना बोलतेस तसा.

"माज्या पोरीला अजून न्हाण आलं न्हाय. खोटं असंल तर माज्यावर यावं. पोरीवर न्हाय."

आणि तो कपाळाला लावलास. आत्यानंही चिमूट घेऊन लावला. तिचा विश्वास बसला, भंडाऱ्याच्या शपथेवर बसणारच. पण एवढी वाढलेली पोर आणि अजून काही नाही, म्हणजे पोरीतच खोट आहे, असं तिनं ठरवलं. जाताना आबाला ओट्यावर सांगून गेली, तुजा शब्द तुला परत, मला घरात वंश पायजे. हिरवं लुगडं परत नेलं. पुढच्या लगीनसराईत मुलाला करमाळ्याकडची मुलगी केली. चाळीत माझं नाव झालं, माळरान म्हणायचे मला. शिंपिणीच्या पोरीनंच ते पसरवलं. मला फरक पडला नाही. मी चौथी पुरी केली, सगळ्या शाळेत पुढं पळाले, आणि मग तुझ्याच खात्यात तुझ्याशेजारी उभी राहिले. सतराव्याला लगीन झालं, गिरणीतल्याच माणसाशी, त्यानं काही चौकशी केली नाही.

तोवर तुला खोकला लागला होता. दवाखान्यात छातीत पाणी झालंय म्हणाले. तू मात्र एकदा मला जवळ बोलावून म्हणालीस, मला हळद बाधली, मीच मागून घेतली हुती, बरुबर आली. मी तेव्हाही तुला सांगितलं आणि आजही सांगते, रिळाच्या खात्यातल्या अर्ध्या बायका तशाच खोकत होत्या, त्यांनी कुठला भंडारा उचलला होता? तू ऐकलं नाहीस. तुला ते तसंच हवं होतं, माझ्यावर येऊ नये म्हणून तुझ्यावर आलेलं. तू गेल्यावर वर्षानं मी अडले. डॉक्टरीणबाईनं पोटातनं तुकडा काढावा तसं पोर काढलं, ते रडलं नाही. मी वाचले. ती म्हणाली, कमरेचं हाड अरुंद आहे, लहानपणी खायला नव्हतं का? मी म्हटलं, होतं, दिलं नाही. मग तिनं एक सांगितलं, भुकेल्या पोरीला न्हाण उशिरा येतं हे खरंच आहे. म्हणजे तू बरोबर होतीस. आणि हाडं घट्ट होत नाहीत, म्हणजे बाई बरोबर होत्या. मी त्या खाटेवर पडून तुम्हा दोघींनाही शिव्या घातल्या. नंतरची दोन पोरं जगली, वर्षभर शेंगा-गूळ खाऊन मी जन्माला घातलेली. तुला माफ केलं वगैरे मी लिहिणार नाही. तेवढी मी मोठी नाही, आणि तू मागितलीही नव्हतीस.

आता जे लिहायचं होतं ते. बरीच वर्षं झाली, धाकट्याला मुलगी बघायला नातेपुत्याला गेले होते. बाजारात मिरच्या घेताना एक बाई माझ्याकडं टक लावून बघत होती. ऐसपैस, गळ्यात पुतळ्या, पाठीमागं सुना. माझं तोंड सासूसारखं वाटलं म्हणून तिनंच ओळख काढली. आत्याची सून. माझ्या जागी गेलेली. लहान होती गं मी, म्हणाली, आमच्यात तेराव्यालाच दिली. पण सासूनं वर्षभर माहेरीच ठेवली, अंग भरू दे म्हणाली, आणि आणल्यावर रोज म्हशीचं दूध पाजायची, नको म्हटलं तरी. पाच पोरं झाली, एक गेलं, चार आहेत. नवरा हात उगारत नाही. तिनं मला बळंच घरी नेलं, जेवू घातलं, आणि निघताना ओटीत गुळाची ढेप दिली. आये, मी एसटीत बसून परत येताना त्या ढेपेकडं बघत होते. ती बाई माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे.

मावशीचं जे झालं ते माझं झालंच असतं असं नव्हतं. आत्यानं मलाही दूध पाजलं असतं. कदाचित. तू उचललास तो भंडारा उचलायची गरज होती की नव्हती, हे आता कुणी सांगू शकणार नाही. हे मी कुणाला बोलले नाही, नवऱ्याला नाही, पोरांना नाही. आणि तू आज समोर, त्या कोपऱ्यात, पोत्यावर बसलेली असतीस, आणि विचारलं असतंस की नातेपुत्याच्या बाजारात कोण भेटलं, तर मी म्हटलं असतं, कुणी न्हाय.